गेली की गेला

दाजी, तुमच्या पुण्यानुमोदनाला माणसं लय चांगलं बोलली. पूर्णेचे अर्धे रेल्वे क्वार्टर लोटले होते. एकामागून एक उठून सांगत होते, की या माणसानं उभ्या नोकरीत एक लिव्हर चुकीचा ओढला नाही, हा माणूस म्हणजे चालतंबोलतं नियमाचं पुस्तक. मी मागं खांबाला टेकून ऐकत होतो. मग कुणीतरी म्हणालं, मेव्हणे मास्तर आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत. मी मराठीचा मास्तर. दोन शब्द सांगितले की दोनशे बोलणारा, आणि वर्गातली पोरं घंटेच्या आशेनं माना टाकतात असा माझा सेलूत लौकिक. पण त्या दिवशी उठलो, तुमच्या फोटोकडं बघितलं, जयभीम म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःख अनावर झालं. दुःख होतंच. पण मला जे बोलायचं होतं त्यात नदीचं कोरडं पात्र होतं, नापास पोरांच्या पेपरांची नळकांडी होती, आणि एक गोष्ट होती जी मी तुम्हाला तीन वर्षं सांगितली नाही. जी तुम्हालाच सांगितली नाही ती शंभर जणांना आधी कशी सांगू?

म्हणून लिहायला बसलोय. तुम्ही जेवून आडवे झालात आणि उठलाच नाहीत, तेव्हा तुम्हाला गाठून सांगायची सोय आता एवढीच.

सुरुवात मी केली, हे तर तुम्ही जगभर सांगत होतात. आपल्या देशाचा पहिला उपग्रह आभाळात गेल्याची बातमी मी सेलूला हॉटेलातल्या रेडिओवर ऐकली, आणि बशीत ओतलेला चहा तसाच निवू देऊन मला वाटलं, की हे आपल्यालाही थोडंफार जमायला पाहिजे. असं वाटायला माझ्याजवळ भांडवल काय होतं? वय एकोणचाळीस, विषय मराठी, आणि एका मासिकातला रॉकेटवरचा दीड पानाचा लेख. त्या लेखाचं शेवटचं अर्धं पान किराणा दुकानदारानं पुडीसाठी फाडलं होतं. आता वाटतं, काय काय करू नये ते सगळं त्याच अर्ध्या पानात असणार.

पहिली नळी मी पत्र्याची केली. मोठ्या दिमाखानं पिशवीत घालून रविवारच्या पॅसेंजरनं पूर्णेला आणली. तुम्ही रात्रपाळी करून आला होतात, ओट्यावर पाय सोडून बसला होतात. नळी हातात घेतली, आरपार बघितली, आणि आत जाऊन अक्काच्या हातात दिली. अक्कानं तिची चुलीची फुंकणी केली. अजून तीच वापरते. माझ्या अंतराळ संशोधनाचा घरात उपयोगी पडलेला तो एकच भाग.

मला वाटलं, आता तुम्ही झाडणार. तुम्ही म्हणालात, "पत्रा फुटला तर सुऱ्या उडतात मास्तर. कागद फुटला तर कागदच ऱ्हातो. कागदाची करू. पुढल्या आयतवारी या."

कागदाची करू! तुमच्या तोंडून हे ऐकून मी चाट पडलो. सिग्नलच्या केबिनमध्ये लिव्हर ओढणारा, घरीसुद्धा पाण्याचा तांब्या ठरल्या जागीच ठेवणारा माणूस, आणि त्याला माझ्या खुळात भागीदार व्हायचंय. अक्का आतून म्हणाली, एक येडं व्हतं ते कमी पडलं का. तुम्ही तिच्याकडं न बघता मिशीत हसलात. त्या हसण्यात मला पहिल्यांदा कळलं, की दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या सोडणाऱ्याला कधीतरी आपलं स्वतःचं काही सोडावंसं वाटत असेल.

कागद मी पुरवला. सहामाहीचे पेपर. त्यातही नापास पोरांचे, कारण ते परत मागायला कुणी येत नाही. खळ लावून, लाकडी दांड्यावर घट्ट गुंडाळून आपण नळ्या करायचो, आणि वाळत घातलेल्या नळीवर 'सकाळचे दृश्य' या विषयावरचा एखाद्याचा निबंध वळणं घेत वर चढलेला दिसायचा. दारूला मात्र तुम्ही हात लावू दिला नाहीत. ना मला, ना स्वतः लावलात. परभणीला उरुसात आतषबाजी करणारे चाचा होते, तुमच्या ओळखीचे, त्यांच्याकडं नळ्या न्यायच्या आणि त्यांनी भरून द्यायच्या. मी एकदा त्यांना विचारलं, की ह्यात काय काय असतं. चाचांनी आपला उजवा हात पुढं केला. त्याला तीनच बोटं होती. म्हणाले, "चाळीस बरस का उस्ताद हूं मास्तर, तब इत्ता बचा. तुमारे कू क्या पूछनेका है, पूछो."

तुम्ही 'रॉकेट' कधी म्हणाला नाहीत. बाण म्हणायचात. त्यामुळं आपल्यापुरतं ते नपुंसकलिंगी यंत्र उरलं नाही, पुल्लिंगी झालं. हे व्याकरण मास्तरकीच्या सवयीनं सांगतोय असं समजू नका. पुढं त्यानंच घात केला.

पहिले काही बाण आठवले की मला अजून हसू येतं, पण प्रत्येक वेळी थोडक्यात निभावलं होतं. पहिल्याला शेपटाची पानं मी डोळ्याच्या अंदाजानं चिकटवली. मास्तरचा डोळा! फळ्यावर सरळ रेघ येत नाही. तो बाण वर गेला, आभाळात जाऊन त्याला काहीतरी आठवलं, आणि तो माझ्याकडं परत आला. मी असा पळालो, की तुम्ही म्हणालात, बाणापेक्षा मास्तर सरळ गेले. त्या दिवशी अंगात माझा नवाकोरा टेरिलीनचा शर्ट होता. पाठीवर एक ठिणगी पडली तर कापड जळालं नाही, वितळून कातडीला चिकटलं. अक्कानं कोरफड लावता लावता मला माझ्या शिक्षणाबद्दल पुष्कळ प्रश्न विचारले. पुढच्या रविवारी तुम्ही मला तुमचा खादीचा जुना सदरा दिलात. तो माझ्या गुडघ्यापर्यंत यायचा. पोशाख म्हणून तोच ठरला.

हळूहळू तुमचे नियम येत गेले. नदीच्या पात्रात, रुळापासून आणि कडब्याच्या गंजींपासून लांब, शंभर पावलं मोकळी जागा, आणि पावलं तुमची, माझी नाहीत. पाण्याची बादली भरलेली. वात लांब. एकानं पेटवायची आणि वाळूच्या बांधाआड जाऊन डोकं खाली घालायचं, वर काढायचं नाही. दुसऱ्यानं पलीकडं बाभळीच्या खोडाआडून नजर ठेवायची आणि काय झालं ते ओरडून सांगायचं. सांगायचे शब्द दोनच. लाल म्हणजे आहे तिथं पडून राहा. हिरवा म्हणजे उठा. बाण उडाला आणि खाली पडून थंड झाला की हिरवा. वात मध्येच विझली तर लाल, आणि मग सावकाश तीनशे मोजून होईपर्यंत लालच.

मला हे अपमानास्पद वाटायचं. एवढी क्रियापदांनी भरलेली भाषा, तिचा मी सरकारमान्य शिक्षक, आणि मी बाभळीआडून नुसतं लाल, हिरवा ओरडायचं. मी तसं बोलून दाखवलं. तुम्ही सांगितलंत, की केबिनमध्ये फोनवर स्टेशन मास्तर जे बोलतो ते आधी त्याला जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, त्यानं होय म्हणायचं, आणि मगच लिव्हरला हात लावायचा. तिथं 'झालं', 'आली', 'सोड' असलं बोलणं चालत नाही. "शब्द लय झाले की गाड्या भिडतात मास्तर," म्हणालात. मी मान हलवली. मनात म्हटलं, रेल्वेवाल्यांना भाषा कळत नाही.

पण दाजी, तो एक बाण. माघाचा महिना असावा, ऊन कोवळं, पात्रात पाण्याची एकच निळी रेघ. तुम्ही वात लावून बांधाआड गेलात. आणि तो उठला. आवाज कसा झाला ते मला आठवत नाही, आठवते ती त्याच्यामागं राहिलेली पांढरी दोरी. कुणीतरी आभाळात सरळ टाका घालावा तशी. वर जाऊन तो दिसेनासा झाला, आणि किती तरी वेळ काहीच खाली आलं नाही. मला असं वाटायला लागलं, की तो आता येणारच नाही, कुठल्यातरी पोराचं सकाळचे दृश्य घेऊन तो तिकडंच राहिला. मी हिरवा म्हणायचं विसरलो. तुम्ही बांधाआड तसेच पडून, वाळूत तोंड घालून, "मास्तर, काय दिसायलंय?" असं विचारत राहिलात. जो बघायला तुम्ही एवढा खटाटोप केला तो तुम्हाला दिसलाच नाही. नंतर मी तुम्हाला त्याचं वर्णन करून सांगितलं. दोन शब्दांत नाही, चांगलं अर्धा तास. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. स्वप्नातसुद्धा मला तो बाण नाही दिसत, तुमचं ते ऐकणं दिसतं.

आता ती गोष्ट.

चैत्र होता. त्या दिवशी दोन बाण होते, शेजारी शेजारी रोवलेले. खरं तर एका वेळी एकच, हाही तुमचाच नियम, पण मला संध्याकाळच्या पॅसेंजरनं परत जायचं होतं आणि मी घाई केली. तुम्ही पहिल्याची वात पेटवली, बांधाआड गेलात, डोकं खाली घातलंत. मी बाभळीआड. तेवढ्यात पुलावर मालगाडी चढली. तो आवाज तुम्हाला काय सांगायचा, सगळं पात्र ढोलासारखं घुमायला लागतं. त्या आवाजात एक अख्खा बाण उडून गेला तरी ऐकू येणार नाही.

गाडी गेली, आवाज ओसरला. मी म्हणालो, "गेली."

तुम्हाला ऐकू आलं, "गेला."

एक वेलांटी, एक काना. बाण गेला, असं समजून तुम्ही उठलात. मालगाडीच्या आवाजात तो उडाला आणि मास्तर हिरवा म्हणायचं पुन्हा विसरले, असं तुम्हाला वाटलं. तुम्ही चालत गेलात. बाण तिथंच होता. तुम्ही वाकलात, आणि आत कुठंतरी धुमसत राहिलेली वात तेव्हाच पोचली.

मी धावलो. तुम्ही डाव्या डोळ्यावर हात दाबून गुडघ्यावर बसला होतात, आणि दुसरा हात माझ्याकडं ताठ केलात.

"लाल, मास्तर. दुसरा बाण हाय. जवळ येऊ नका."

मी थांबलो. दाजी, मी खरंच थांबलो. हातात पाण्याची बादली, तुमच्यापासून चाळीस पावलांवर, आणि बोटांमधून काय गळतंय ते मला दिसत होतं. तुम्ही उठलात, दुसऱ्या बाणाला वळसा घालून, एक एक पाऊल टाकत स्वतःच माझ्यापाशी आलात. आलात आणि मग म्हणालात, हिरवा. मी बादली तुमच्या डोक्यावर ओतली आणि रडायला लागलो. तुम्ही मला धीर देत दवाखान्यात नेलंत.

आणीबाणीचे दिवस होते. दोन सरकारी नोकर नदीत दारूचे बाण सोडत होते, हे कुणाला कळलं असतं तर नोकऱ्या तर गेल्याच असत्या. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, घरी स्टोव्ह भडकला. अक्काकडं स्टोव्ह नव्हताच. तिनं शेजारणीचा मोडका स्टोव्ह आणला, काजळी फासून काळा केला आणि महिनाभर दारात ठेवला. भेटायला येणाऱ्या बायका त्या स्टोव्हकडं बघून हळहळायच्या.

डोळा राहिला, नजर गेली. एका डोळ्याच्या माणसाला केबिनमध्ये ठेवत नाहीत. तुम्हाला दिव्यांच्या खोलीत टाकलं. सिग्नलच्या दिव्यांत रॉकेल भरायचं, काचा पुसायच्या, वाती कापायच्या. मी पहिल्यांदा तिथं आलो तेव्हा तुम्ही एक काच उजेडाकडं धरून उजव्या डोळ्यानं तपासत होतात, आणि खिडकीतून समोर केबिन दिसत होती. तिच्या लाकडी जिन्यावरून नवा माणूस चढत होता. तुम्ही त्याच्या पायऱ्या मोजल्यात. मला ऐकू येईल असं नाही, पण ओठ हलले.

त्यानंतर तीन वर्षं मी जवळजवळ दर रविवारी आलो. आणि दर रविवारी आपण तेच भांडलो. तुम्ही म्हणायचात, चूक माझी, रंग ऐकल्याबगर उठलो, पलटून इचारलं न्हाई. मी म्हणायचो, चूक माझी, मी लाल म्हणायला पाहिजे होतं, मी 'वात गेली' अशा अर्थानं नुसतं गेली म्हणालो. मग काना आणि वेलांटी. मी उच्चार करून दाखवायचो, तुम्ही दुसऱ्या खोलीत जाऊन ऐकू कसं येतं ते सांगायचात. अक्का म्हणायची, ह्या दोघांना कुनीतरी घंटा द्या रे.

दाजी, मी गेली म्हणालो, हे खरं आहे. एवढंच खरं आहे. पण वात गेली असं मी म्हणालो नव्हतो. मी वातीकडं बघतच नव्हतो. मी मालगाडीचे डबे मोजत होतो. चाळीस वर्षांचा मास्तर, तुमचा जीव माझ्या डोळ्यांवर ठेवलेला, आणि मी लहान पोरासारखा पुलावरचे डबे मोजत होतो. एकेचाळीस निघाले. शेवटचा गार्डाचा डबा पुलावरून उतरला आणि मी म्हणालो, गेली. ती गाडी. वात पेटलेली आहे, विझली आहे, मला काहीच माहीत नव्हतं.

हे सांगायला मी किती वेळा तोंड उघडलं, त्याचा हिशेब नाही. प्रत्येक वेळी तुम्हाला नेमका तेव्हाच चहा हवा असायचा, नाहीतर समाजाच्या पंचायतीचं काहीतरी काम आठवायचं, नाहीतर तुम्ही म्हणायचात, मास्तर, गाडीची येळ झाली. मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडायचो. मला वाटायचं, दैव माझ्या बाजूनं आहे.

पुण्यानुमोदन आटोपलं, माणसं पांगली. अक्का आत भांडी आवरत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं, डब्यांच्या आकड्यासकट. वाटलं, आता ही मला उठवून दाराबाहेर काढील. तो तिचा हक्क होता.

ती तांब्या पुसत राहिली. मग म्हणाली, "माहित हाय. त्याच राती सांगितलंय त्यांनी मला. मास्तर डबे मोजायलता म्हनले, उठलो तवा बोट पुलाकडंच व्हतं त्याचं. गाडी गेल्यावर गेली म्हनलाय तो."

मी विचारलं, मग मला कधी बोलले का नाहीत?

"बोलू देत नव्हते तुला. मलाबी ताकीद होती, तो सांगाया लागला की चहा टाकीत जा. म्हनले, एकदा का त्यानं कबूल केलं, की शरमंनं त्याचं येनं बंद व्हईल. मग आयतवारी मी कुनाशी भांडू?"

दाजी, नियमात न बसणारी तुमची ही एकच गोष्ट मी पाहिली. तीन वर्षं तुम्ही मला खोटं बोलू दिलंत, आणि त्या खोट्याला दर आठवड्याला चहा पाजलात. मी समजत होतो, की मी तुमच्यापासून काहीतरी लपवतोय.

अक्कानं तांब्या ठरल्या जागी ठेवला आणि माझ्याकडं न बघता विचारलं, की आता कबूल केलंस, तर मग येनं बंद का तुझं? मी म्हणालो, येईन गं, पण आता भांडायचं कशावरून? ती म्हणाली, ते काय लय अवघड हाय व्हय. भाजीत मीठ कमी हाय म्हन.

काल रविवार होता. सकाळच्या पॅसेंजरनं गेलो. अक्कानं मेथीची भाजी केली होती, जवळ येऊन बसली, आणि मी पहिला घास घेतला तशी माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मीठ अगदी बरोबर होतं. मी म्हणालो, कमी आहे.